‘आई, ते कार्टून नाहीये!’

एका ताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं वगळून थोडक्यात देतेय.

ताईंचा मुलगा दहावीत आहे, मुलगी दुसरीत. मुलगा गेली दोन वर्षं जपानी ॲनिमे बघतोय. घरात कोणी फारसं लक्ष दिलं नाही, कार्टूनच तर आहे म्हणून. बाबा मात्र येता-जाता बोलतात, ‘एवढा घोडा झालास तरी कार्टून बघतोस?’ गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात होत्या आणि दोघं भावंडं हॉलमध्ये टीव्हीसमोर. ताई पोळ्या आटपून बाहेर आल्या तर पडद्यावर बर्फात आई आणि लहान लहान पोरं रक्तात पडलेली. मालिकेचं नाव डिमन स्लेयर, पहिलाच भाग. त्या रात्री धाकटी दोनदा रडत उठली, आणि अजूनही आंघोळीला जाताना दार थोडं उघडं ठेवते. ताईंनी रागाच्या भरात सबस्क्रिप्शनच बंद केलं. मुलगा म्हणाला, ‘आई, ते कार्टून नाहीये, ॲनिमे आहे, तुला काही कळत नाही,’ आणि तेव्हापासून जेवढ्यास तेवढंच बोलतोय. ताई विचारतात: हा फरक खरंच असतो का, की पोरांची पळवाट आहे? आम्ही टॉम अँड जेरी बघायचो, ते किती साधं होतं. पंधराव्या वर्षी हे बघणं नॉर्मल आहे का? आणि सबस्क्रिप्शन कायमचंच बंद ठेवू का?

ताई,

आधी धाकटीबद्दल. सात वर्षांच्या मुलीने तो सीन बघून घाबरणं अगदी साहजिक आहे, तिच्यात काही नाजूक-बिजूक नाहीये. दार उघडं ठेवायचं म्हणते ना, ठेवू दे. ‘अगं खोटं असतं ते’ असं सारखं सांगू नका, कारण तिने जे पाहिलं ते तिच्यासाठी खरंच होतं, आणि आई पडलीये, उठत नाहीये याची भीती कुठल्याही लेकराला वाटेल. हळूहळू कमी होईल. तिच्यासाठी एक गोष्ट सुचवणारे, ती शेवटी सांगते. कमी झालीच नाही, झोपेवर-खाण्यावर परिणाम होत राहिला, तर मात्र मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, त्यात संकोच नको.

आता तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं आणि मला सारखं एक जाणवत राहिलं की घरातल्या सगळ्या भांडणात एकच शब्द फिरतोय, कार्टून. कार्टून आहे म्हणून धाकटीला त्याच्या शेजारी बसू दिलं. कार्टून आहे म्हणून मोठ्याला ‘घोडा झालास’ ऐकावं लागलं. म्हणजे एकाच शब्दाने एकीला नको ते दाखवलं आणि दुसऱ्याला उगाच लाजवलं. रेखाटलेली चित्रं हलतायत म्हणजे ते लहान मुलांचंच असणार, हे आपण सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असतं, आणि मला वाटतं पहिली गाठ तिथेच सोडवायला हवी.

तुमचं टॉम अँड जेरीच घ्या. ते 1940 साली सुरू झालं तेव्हा टीव्हीसाठी नव्हतंच, थिएटरमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायच्या छोट्या फिल्म होत्या त्या, समोर बसलेलं पब्लिक लहानमोठं सगळंच. टीव्हीवर येऊन ते पुढे ‘मुलांचं’ झालं. आणि आठवून बघा, किती हाणामारी आहे त्यात! तव्याने, हातोडीने, दारात चेपून. फरक एवढाच की टॉम पुढच्या क्षणी परत उठतो. तिथे मरण नाही, जखम नाही, काल काय झालं याची आज कोणाला आठवण नाही. म्हणून ते आपल्याला साधं वाटतं.

आणि आता दुसरी गोष्ट, जी ऐकून तुम्हाला बहुतेक धक्का बसेल. तुमचं वय लिहिलंय 41. म्हणजे नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली बघायला तुम्हीही बसला असणार, ‘जंगल जंगल बात चली है’ तोंडपाठ असणार. ताई, तो ॲनिमे होता! 1989 ची जपानी मालिका, निप्पॉन ॲनिमेशन नावाच्या स्टुडिओची. गाणं आपल्याकडचं, गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजचं संगीत, शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा, पण चित्रं, हालचाल, गोष्ट सांगायची पद्धत सगळी जपानची. त्यात प्राणी मरायचे, मोगलीला आपण माणूस की लांडगा हे कळत नसायचं, आणि या आठवड्यात जे घडलं ते पुढच्या आठवड्यात पुसलं जायचं नाही. आठवतंय? तुम्ही ते बघून बिघडला नाहीत. हे मुलाला सांगून बघा एकदा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

मग फरक काय, हा तुमचा मूळ प्रश्न. तुमचा मुलगा अर्धा बरोबर आहे. जपानी भाषेत ॲनिमे हे ॲनिमेशन या शब्दाचंच छोटं रूप आहे, तिथे डिस्नेच्या फिल्मलाही ॲनिमेच म्हणतात. जपानमधून आलेलं ते ॲनिमे आणि बाकीचं कार्टून, ही वाटणी जपानच्या बाहेर झाली. त्यामुळे ‘ॲनिमे म्हणजे आपोआप भारी आणि कार्टून म्हणजे पोरकट’ असं तो म्हणत असेल तर त्याला सांगा की बाबा रे, असं नसतं. पण दोन्हीकडच्या गोष्टी वेगळ्या वाटतात हे खरं आहे, आणि त्याला कारणं आहेत.

सगळ्यात मोठं कारण पैसा. ओसामू तेझुका म्हणून जपानचा फार मोठा चित्रकार, डिस्नेचा भक्त म्हणावा असा. ते मोठाले चमकदार डोळे दिसतात ना सगळ्या ॲनिमेत, त्याच्यावर डिस्नेचा आणि जुन्या अमेरिकन कार्टूनचाच प्रभाव होता. 1 जानेवारी 1963 ला त्याची ॲस्ट्रो बॉय नावाची मालिका जपानी टीव्हीवर सुरू झाली, दर आठवड्याला अर्धा तास. आता हिशोब बघा. फिल्ममध्ये एका सेकंदाला 24 फ्रेम जातात. डिस्नेच्या थाटात करायचं तर सेकंदाला 12 ते 24 चित्रं काढावी लागतात. दर आठवड्याला अर्ध्या तासाची एवढी चित्रं काढणार कोण आणि चॅनेलकडून मिळणाऱ्या पैशात ते परवडणार कसं? मग तेझुकाच्या लोकांनी एकेक चित्र तीन तीन फ्रेम वापरलं, चालण्या-धावण्याची काढलेली चित्रं जपून ठेवून पुन्हा पुन्हा घातली, नुसते ओठ हलवले आणि बाकी चेहरा तसाच ठेवला. काटकसर अमेरिकेतही चालू होती, टीव्हीसाठी हॅना-बार्बेरा नावाचा स्टुडिओ हेच करत होता, पण जपानमध्ये या काटकसरीतून एक वेगळीच भाषा तयार झाली. हालचाल कमी आहे ना, मग डोळ्यात सगळं आणा. माणूस स्थिर उभा आहे, फक्त केस वाऱ्यावर हलतायत, मागे आकाश इतकं मन लावून रंगवलेलं की आपण तेच बघत बसतो. एक घाव घालायला निघालेला हात मध्येच थांबतो आणि दहा वर्षांपूर्वीची आठवण सुरू होते. तुम्हाला ‘हे काय, पुढे सरकतच नाही’ असं वाटत असेल, तर ते न सरकणंच त्यांनी कामाला लावलंय.

आवाजाचंही तसंच. अमेरिकेत बहुतेक वेळा आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रकार त्यावर ओठ जुळवत चित्रं काढतात, जपानमध्ये साधारणपणे चित्र आधी आणि आवाज नंतर, त्यामुळे ओठ नुसते उघड-मीट करताना दिसतात.

पण तुमच्या घरातल्या भांडणाशी सगळ्यात जवळचं कारण वेगळं आहे. ॲनिमेच्या बऱ्याच गोष्टी मांगा मासिकांमधून येतात, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, आणि ही मासिकं वाचकाच्या वयाप्रमाणे वेगळी छापली जातात. वाढत्या मुलांसाठीची शोनेन, मुलींसाठीची शोजो, मोठ्या पुरुषांसाठी सेइनेन, मोठ्या बायकांसाठी जोसेइ. युद्धानंतर जी पोरं मांगा वाचत मोठी झाली ती मोठेपणीही वाचतच राहिली, मग त्यांच्यासाठी त्यांच्या वयाच्या गोष्टी निघाल्या. अमेरिकेत नेमकं उलटं झालं. 1954 साली तिथे कॉमिक्सवर कोड आला, भयंकर काही छापायचं नाही, अति रक्तपात नको, गुन्हेगार जिंकायला नको, आणि टीव्हीवरची कार्टून हळूहळू शनिवार सकाळच्या मुलांच्या वेळेत जाऊन बसली. अर्थात अमेरिकेतही मोठ्यांची ॲनिमेशन आहेतच, द सिम्पसन्स 1989 पासून चालू आहे. पण आपल्या डोक्यातलं ‘कार्टून’ घडलं ते त्या शनिवार सकाळच्या मालातून, दूरदर्शनमार्गे आपल्यापर्यंत आलेल्या.

याचं एक उदाहरण तर तुमच्याच घरात असेल. धाकटी शिनचॅन बघते का? बघत असणारच. शिनचॅनचा मांगा 1990 मध्ये जपानमध्ये सुरू झाला तो मोठ्या पुरुषांच्या साप्ताहिकात. पाच वर्षांच्या आगाऊ पोराकडे बघून आईबापांनी हसावं म्हणून लिहिलेली गोष्ट ती. आपल्याकडे ती थेट मुलांच्या चॅनेलवर आली, आणि 2008 मध्ये पालकांच्या तक्रारींमुळे काही काळ बंदही झाली, नंतर कापछाट होऊन परत आली. म्हणजे तुम्ही जिथे फसलात तिथे सगळा देशच फसला होता, त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका.

आता तुमचा मुलगा बघतोय त्याबद्दल. डिमन स्लेयर शोनेन साप्ताहिकातली आहे, मांगा 2016 ते 2020 या काळात चालला, ॲनिमे 2019 पासून. तुम्ही पाहिलात तो सीन म्हणजे गोष्टीची सुरुवात. तांजिरो नावाचा मुलगा डोंगरावर राहतो, वडील वारलेले, घरात आई आणि लहान भावंडं, हा गावात कोळसा विकून घर चालवतो. एका रात्री तो गावाजवळच मुक्काम करतो आणि सकाळी परत येतो तर राक्षसाने घरच्यांना मारलेलं. एकच बहीण जिवंत, तीही राक्षस होऊ लागलेली. तिला पाठीवर घेऊन तो बर्फातून चालतो. पुढची सगळी गोष्ट त्या बहिणीला परत माणूस करण्याची आहे. तुम्ही स्वयंपाकघरातून नेमक्या वाईट मिनिटाला बाहेर आलात, ताई.

पुढे एक प्रसंग आहे, तो मी तुम्हाला जवळून दाखवते. तांजिरोची परीक्षा चालू आहे आणि त्याच्यासमोर अंगभर हातच हात असलेला एक अक्राळविक्राळ राक्षस आहे, ज्याने याच्या गुरूची कितीतरी शिकाऊ पोरं खाल्लीयेत. तांजिरो त्याचं डोकं उडवतो. इथे दुसरी कुठली मालिका असती तर ढोल वाजले असते. इथे तसं होत नाही. तांजिरोचं नाक फार तीक्ष्ण असतं आणि त्याला त्या विरघळत चाललेल्या देहातून दुःखाचा वास येतो. राक्षसाचा एक हात पुढे आलेला असतो. तांजिरो तो हात आपल्या दोन्ही हातांत धरतो आणि प्रार्थना करतो, याचा पुढचा जन्म राक्षसाचा नको. आणि मग आपल्याला दिसतं की तो राक्षसही कधीतरी एक लहान मुलगा होता, रात्रीची भीती वाटते म्हणून मोठ्या भावाला म्हणायचा, माझा हात धर.

हे वाचून तुम्हाला काय आठवलं माहीत नाही, मला रामायण आठवलं. रावण पडल्यावर बिभीषण अंत्यसंस्काराला कचरतो तेव्हा राम म्हणतो ना, ‘मरणान्तानि वैराणि’, मेल्यावर वैर संपलं. तुमचा मुलगा पंधराव्या वर्षी हे बघतोय. रक्त बघतोय हे खरं, पण शत्रूचा हात धरणारा मुलगाही बघतोय, आणि त्याला कोणी विचारलं नाही की तुला यातलं काय आवडतं. (रामायणावरून आठवलं, जपानचे दिग्दर्शक युगो साको आणि आपले ॲनिमेटर राम मोहन यांनी मिळून केलेला जपानी-भारतीय रामायण ॲनिमे सिनेमा आहे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा, 2025 च्या जानेवारीत तो आपल्या थिएटरमध्ये परत लागला होता. आजीआजोबा घरात असतील तर सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा.)

म्हणून माझं मत विचाराल तर सरसकट बंद नको. सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि मुलगा मोबाईलवर कुठल्यातरी चोरट्या साइटवर बघायला लागेल, जिथे वय विचारत नाहीत आणि बाजूला घाणेरड्या जाहिराती असतात. पण सगळं ठीक आहे असंही मी म्हणणार नाही. ॲनिमेमध्ये एक वाईट खोड आहे, गरज नसताना मुलींचे, कधी कधी शाळकरी मुलींचे सुद्धा, अंगाचे भाग दाखवत राहायचं, आणि हे लोकप्रिय मालिकांमध्येही सापडतं. मला याची फार चीड आहे. याबद्दल मुलाशी बोला, लाजू नका, ‘ती मुलगी तशी का काढलीये असं तुला वाटतं?’ एवढा एकच प्रश्न पुरतो, पोरं विचार करतात. आणि शोनेन असं लिहिलंय म्हणजे सगळ्या मुलांना चालेल असंही नाही. अटॅक ऑन टायटन शोनेन मासिकातलीच, पण त्यात माणसं खाल्ली जातात, ती मी पंधरा वर्षांच्या मुलाला सुद्धा सोबत कोणी मोठं असल्याशिवाय सुचवणार नाही.

मग करायचं काय. सबस्क्रिप्शन परत सुरू करा, पण आधी मुलाशी बोला. ‘मी रागात बंद केलं, आधी तुला विचारायला हवं होतं’ एवढं तुम्ही म्हणा, आई म्हणून काही कमी होत नाही त्याने. आणि मग त्यानेही धाकटीची जबाबदारी घ्यायची. ती खोलीत असताना त्याच्या वयाचं काही लावायचं नाही, ती आली की पॉज, इथे सूट नाही. ॲपमध्ये धाकटीचं वेगळं प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा, पाच मिनिटांचं काम आहे. आपल्याकडे 2021 च्या नियमांपासून ओटीटीवर प्रत्येक मालिकेला वयाची खूण असते, यू, यूए 7+, यूए 13+, यूए 16+ आणि ए, सुरुवातीला कोपऱ्यात दिसते. घरात नियम करताना ‘ॲनिमे बघायचं नाही’ असा करू नका, ‘16+ किंवा त्याच्या वरचं काही बघायचं असेल तर आधी मला सांग, पहिला भाग आपण दोघं बघू’ असा करा. ज्यांची मुलं बारा-तेराची आहेत त्यांनी हाच आकडा एक पायरी खाली घ्यावा.

दहावीचं वर्ष आहे तर वेळेचंही ठरवा. एक भाग साधारण 23-24 मिनिटांचा असतो, त्यातली दीड-दीड मिनिटं सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाण्याची. पण ही मालिका पुढे पुढे चालणारी, दर भागाच्या शेवटी असं काहीतरी ठेवतात की हात आपोआप पुढच्यावर जातो. त्यामुळे ‘अर्धा तास’ म्हणण्यापेक्षा ‘जेवणानंतर एक भाग’ म्हणा, रविवारी दोन, आणि ऑटोप्ले बंद. भाग मध्येच तोडायला लावू नका, भांडण त्यावरूनच होतं. प्रिलिमच्या आणि बोर्डाच्या दिवसांत काय करायचं ते त्यालाच ठरवू द्या, स्वतः ठरवलेलं पोरं बऱ्यापैकी पाळतात असा माझा अनुभव आहे.

बाबांना एक निरोप. ‘घोडा’ म्हणणं थांबवा, प्लीज. त्याऐवजी एका रात्री त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, हा कोण, तो याच्या मागे का लागलाय. पंधरा वर्षांचा मुलगा बापाला काहीतरी भरभरून समजावून सांगतोय, असं आठवड्यातून कितीदा होतं?

आणि तुम्हा चौघांना मिळून बघायला काही हवं असेल तर माय नेबर टोटोरो हा ॲनिमे सिनेमा. दिग्दर्शक हायाओ मियाझाकीचा, 1988 चा. त्यात एक सीन आहे, रात्र, पाऊस, आडगावचा बस स्टॉप. मोठी बहीण सात्सुकी छत्री घेऊन बाबांची वाट बघतेय, धाकटी मे पाठीवर झोपून गेलीये. शेजारी येऊन उभा राहतो एक प्रचंड केसाळ प्राणी, डोक्यावर एक पान ठेवून. सात्सुकी त्याला बाबांची छत्री देते. झाडावरून मोठ्ठे थेंब छत्रीवर टपटप पडतात, त्याला तो आवाज इतका आवडतो की तो अंग फुगवून एक उडी मारतो आणि सगळं झाड एकदम खाली बरसतं. बाकी फारसं काही घडत नाही. कोणी खलनायक नाही, कोणी पळत नाही. दोन लेकरं वाट बघतायत आणि पाऊस पडतोय, एवढं दाखवायला कितीतरी मिनिटं दिलीयेत. तुमच्या मुलाला ‘फरक दाखव’ म्हणालात ना, तर हा सीन तुम्हीच त्याला दाखवा. टोटोरो ज्या स्टुडिओचा, त्याच स्टुडिओने त्याच वेळी त्याच तिकिटात दुसरा एक सिनेमा दाखवला होता, ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज, इसाओ ताकाहाताचा, युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात पोरक्या झालेल्या भावाबहिणीचा. तो धाकटीसमोर अजिबात लावू नका, मोठ्यासोबत मात्र दहावी संपल्यावर नक्की बघा, रुमाल घेऊन.

आता धाकटीसाठी म्हणाले होते ते. मागच्या वर्षीची अर्धी कोरी वही घ्या, जाडसर कागदाची असेल तर उत्तम. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक चेंडू काढायचा, दर पानावर किंचित वर सरकवत, मग किंचित खाली. 24 पानं झाली की अंगठ्याने भरभर सोडायची, चेंडू उडी मारतो. माझ्या भाचीला अशाच एका राक्षसाची भीती बसली होती, तिने तीन दिवस खपून कोपऱ्यात राक्षस काढला, शेवटच्या पानावर त्याला चष्मा लावला आणि मग घरभर सगळ्यांना दाखवत फिरली. तुमच्याकडे हे काम दादाला द्या. चित्रं तिने काढायची, पानं कशी मोजायची आणि हात कुठे किती सरकवायचा ते त्याने शिकवायचं, त्याला ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. पहिली वही पूर्ण झाली की मला कळवा, शेवटच्या पानावर काय काढलं तेवढं मात्र लिहायचं.